दिवाळीत दिवाळं, संक्रांतीला तीळगूळ, आणि आता परत किंग्ज: ऑयलर्सचा सीझन कसा वाटला?

बर्फाळ_बाबूराव | १९ एप्रिल २०२४, रात्री ९:४०

काल कोलोरॅडोत आपल्या ऑयलर्सनी (एडमंटनची आइस हॉकी टीम) ५-१ ने आपटी खाल्ली आणि एनएचएलमधले (अमेरिका-कॅनडाची हॉकी लीग) आपले ८२ सामने संपले एकदाचे. परवा ॲरिझोनात ५-२. ती तर त्यांची तिथली शेवटची मॅच, टीम बाडबिस्तरा आवरून युटाला चाललीय, पाच हजार माणसं पण मावत नाहीत अशा कॉलेजच्या रिंकमध्ये शेवटचा दिवस, लोक रडतायत, आणि आपण तिथे जाऊन मार खाऊन आलो. दोन्ही मॅचेसना काही किंमत नव्हती हे मान्य, आपल्या पॅसिफिक डिव्हिजनमधला दुसरा नंबर पक्का होता, तरी प्लेऑफच्या तोंडावर असं बघवत नाही.

तर सोमवारी लॉस एंजलिसच्या किंग्जबरोबर प्लेऑफची पहिली मॅच. सलग तिसऱ्या वर्षी पहिल्या फेरीत तेच. २०२२ ला सात मॅचेसमध्ये हरवलं, २०२३ ला सहा. त्याआधी सीझनचं एकदा मन मोकळं करावं म्हणून धागा काढतोय. (हॉकी म्हणजे आइस हॉकी. मागच्या धाग्यावर एकाने धनराज पिल्ले आणि खडकीचं मैदान आणलं होतं आणि पुढचे चाळीस प्रतिसाद त्यावरच गेले. धनराज आपला लाडका आहेच पण इथे नको.)

४९ विजय, २७ पराभव, ६ ओव्हरटाइमवाले, १०४ पॉइंट. कागदावर झकास दिसतं. पण ज्याने ऑक्टोबरपासून बघितलंय त्याला विचारा. मी म्हणतो हा एक सीझन नव्हताच, तीन वेगवेगळ्या टीम्स एकच जर्सी घालून खेळल्या.

पहिली टीम ऑक्टोबरची. पहिलीच मॅच व्हँकूवरला ८-१. आठ! मी ऑफिसच्या ग्रूपवर आधीच "धिस इज आवर इयर" टाकून बसलो होतो, दुसऱ्या दिवशी लंचला कॅलगरीवाला सहकारी नुसता माझ्याकडे बघून आठ बोटं दाखवून गेला. मग मधे कॉमनवेल्थ स्टेडियममध्ये उघड्यावरची हेरिटेज क्लासिक, कॅलगरीला ५-२, तेवढीच एक रात्र बरी. आदल्या दिवशी कोजागिरी, केशरदूध पिऊन जागलेलो आणि दुसऱ्या दिवशी पंचावन्न हजार माणसांत थर्मल घालून कुडकुडत बसलो, वाटलं आता गाडी रुळावर आली. कसलं काय. ९ नोव्हेंबरला सॅन होजेकडून ३-२. ज्या सॅन होजेने त्याच्या थोडं आधी सलग दोन मॅचेसमध्ये दहा दहा गोल खाल्ले होते, त्यांच्याकडून. स्कोअर २-९-१. खालून दुसरं कोण आहे हे शोधायला टेबल स्क्रोल करावं लागत नव्हतं.

आणि मग १२ नोव्हेंबर, रविवार, लक्ष्मीपूजन. आदल्या रात्री सिॲटलला ४-१ ने जिंकलो होतो बरं का. बायको रांगोळी काढतेय, मी दिव्यात तेल घालतोय, फोन वाजला, कोच जे वूडक्रॉफ्टला काढलं. जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी! मी दिवा तसाच हातात धरून बातमी वाचत उभा, तेल सगळं सॉक्सवर.

दुसरी टीम क्रिस नॉब्लॉकची. न्यूयॉर्क रेंजर्सच्या खालच्या लीगमधल्या टीमचा कोच, हार्टफर्डवरून आणला, एरीच्या ज्युनिअर टीममध्ये पोरवयातल्या मॅकडेव्हिडला ह्यानेच शिकवलेलं म्हणून सगळे म्हणाले कॅप्टनने आपला मास्तर आणला. सलग ८ जिंकल्या, तीन हरल्या, आणि २१ डिसेंबरपासून जे सुरू झालं ते २७ जानेवारीपर्यंत थांबलंच नाही. सलग १६. एनएचएलचा रेकॉर्ड १७ चा, पिट्सबर्गचा, १९९३ चा. एक कमी पडली. ६ फेब्रुवारीला व्हेगासने ३-१ ने अडवलं. त्या रात्री आमच्या घरात कुणी जेवलं नाही नीट.

तिसरी टीम त्यानंतरची. वाईट नाही, पण "जिंकू की, काय घाई आहे" टाइपची. आणि माझी भीती ही आहे की सोमवारी ही तिसरी टीम उतरेल. व्हँकूवरशी चार मॅचेस खेळलो, चारही हरलो, शेवटची गेल्याच आठवड्यात. १६ ची माळ सगळे सांगतात, हे कुणी सांगत नाही.

तुम्हाला काय वाटतं?

---

गोलीमास्तर | १९ एप्रिल, रात्री १०:१५

बाबूराव छान लिहिलंय पण मूळ मुद्दा निसटला. वूडक्रॉफ्टवर अन्याय झाला, मी नोव्हेंबरमध्येही म्हणालो आणि आजही म्हणतो. गेल्या वर्षी ह्याच माणसाने ५०-२३-९ करून १०९ पॉइंट आणले होते. यंदा १०४. म्हणजे हिशोबाने पाच कमीच. गंमत बघा, यंदा व्हँकूवरने डिव्हिजन जिंकली तो रेकॉर्ड पण अगदी तोच, ५०-२३-९, १०९. त्यांच्या कोचला डोक्यावर घेऊन नाचतायत.

ऑक्टोबरमध्ये आपण खेळत वाईट नव्हतो. समोरच्याच्या गोलवर शॉट्स आपलेच जास्त. फक्त आपल्या मागे गोली (गोलकीपर) नव्हता, दरवाजा होता, तोही कडी नसलेला. जॅक कॅम्पबेल, पाच वर्षांचे अडीच कोटी डॉलर, पाच मॅचेस खेळला आणि सेव्ह .८७३. म्हणजे शंभर शॉट मारले की तेरा आत. ७ नोव्हेंबरला वेव्हर्सवर (म्हणजे हवा त्याने न्या म्हणून) टाकला, ३१ टीम्सपैकी एकानेही फुकट उचलला नाही, गेला बेकर्सफील्डला, आपल्या खालच्या टीममध्ये. दुसरा गोली स्किनर, तो पण तेव्हा तसाच. मग तोच स्किनर सुधारला, सलग १२ जिंकला, सीझन .९०५ वर संपवला, आणि श्रेय कोणाला? कोचला! गोली बरा झाला की कोच हुशार होतो, हा जगातला सगळ्यात जुना नियम आहे.

---

जयू_मिसिसॉगा | १९ एप्रिल, रात्री १०:३२

गोलीमास्तर +१०० पण स्किनर आपोआप सुधारला का? समोर डिफेन्स नीट उभा राहायला लागला म्हणून सुधारला ना. पॉल कॉफीला बेंचवर आणला डिफेन्स बघायला. स्वतः हॉल ऑफ फेमवाला, ऐंशीच्या दशकातल्या ऑयलर्सचा. त्याने पोरांना एकच सांगितलं असावं, पक (खेळायची चकती) हातात आला की घाबरून काचेवर फेकू नका, खेळा. बूशार्डचं बघा, आधी त्याच्या प्रत्येक चुकीला शिव्या घालायचो आपण, मी पण घातल्यात, आणि सीझन संपला ८२ पॉइंटवर (खेळाडूचे पॉइंट म्हणजे गोल अधिक असिस्ट, गोलाला दिलेले पास). डिफेन्सवाला माणूस! आणि तो शॉट. बापरे, टीव्हीवर पण डोळे मिटतात माझे.

---

नवीन_पाहुणा_२४ | १९ एप्रिल, रात्री ११:०५

नमस्कार, मी फेब्रुवारीत पुण्याहून एडमंटनला आलोय, ऑफिसात सगळे हेच बोलतात म्हणून वाचतोय. एक बेसिक शंका, हसू नका. ४९ आणि २७ कळलं पण ते ६ वेगळे का लिहितात? हरलं म्हणजे हरलं ना?

---

वाशीचा_वाघ | १९ एप्रिल, रात्री ११:२०

@नवीन_पाहुणा हसणार नाही, मला पहिली दोन वर्षं कळलं नव्हतं. जिंकलं की २ पॉइंट. साठ मिनिटांत हरलं की भोपळा. पण साठ मिनिटांत बरोबरी झाली आणि मग ओव्हरटाइममध्ये किंवा शूटआउटमध्ये हरलात तर १ पॉइंट, म्हणजे पेपर अर्धा सोडवल्याचे मार्क. ४९ गुणिले २ = ९८ अधिक ६ = १०४. ३२ टीम्स, त्यातल्या १६ प्लेऑफला, आणि तिथे प्रत्येक फेरी सातपैकी चार जिंकायच्या. तिथे हे अर्धे मार्क बंद, शूटआउट पण नाही, गोल होईपर्यंत खेळायचं, पहाटे दोन वाजले तरी.

बाकी आयपीएलवाल्यांसाठी सांगायचं तर आपला सीझन म्हणजे २०१५ ची मुंबई इंडियन्स. पहिल्या चार हरले, लोकांनी टीव्ही विकायला काढले, आणि कप घेऊन घरी. फरक इतकाच की आपण आपला स्टॅनली कप घ्यायचा बाकी आहे. (यंदाच्या मुंबईवर बोलायचं नाही. वानखेडेवर आपल्याच कॅप्टनला हूटिंग, बघवत नाही.)

---

कॅनडाकाकू | २० एप्रिल, सकाळी ७:५०

तुम्ही सगळे आकडे घेऊन बसता. मला ह्या सीझनची एकच रात्र आठवते, १३ जानेवारी.

उद्या भोगी, परवा संक्रांत, मी तिळाच्या वड्या थापत होते, बाहेर उणे चाळीसच्या खाली, खिडकीच्या आतल्या बाजूने बर्फ. टीव्हीवर मॉन्ट्रियलची मॅच, सलग नऊ जिंकून आलेलो, तिसरा पिरियड, बरोबरी. आणि अचानक घरातले चारही फोन एकदम किंचाळले. अल्बर्टाची इमर्जन्सी अलर्ट, वीज पुरत नाहीये, नको ते दिवे लगेच बंद करा, नाहीतर वीज घालवावी लागेल. आमचे हे उठले आणि एकेक दिवा बंद करत सुटले, पोर्चचा, जिन्याचा, बेसमेंटचा, मायक्रोवेव्हचा प्लग पण काढला. मी म्हटलं टीव्ही? तर म्हणाले टीव्ही अत्यावश्यक सेवेत येतो. मुलगा मोबाइलचा टॉर्च धरून उभा, मी त्या उजेडात पाक आटपत्येय, आणि ओव्हरटाइमला बूशार्डने घातला. २-१. शेजारच्या अंधाऱ्या घरातून पण ओरडल्याचा आवाज आला, म्हणजे त्यांचा पण टीव्ही चालूच होता!

वड्या कडक झाल्या. पण दहावी जिंकली.

---

बर्फाळ_बाबूराव | २० एप्रिल, सकाळी ८:१०

काकू 😂😂 आमच्याकडे पण अगदी हेच, मी तर हीटर कमी करून टीव्ही ठेवला होता. ह्या एका प्रतिसादासाठी धागा वसूल.

---

थंडोबा | २० एप्रिल, सकाळी ९:३०

हायमनबद्दल कुणीच बोललं नाही अजून?? ५४ गोल. झॅक हायमन. चोपन्न. ह्याचा आधीचा बेस्ट ३६ होता आणि वय एकतीस. टोरांटोवाल्यांनी २०२१ ला सोडून दिलेला माणूस (जयू, राग मानू नकोस). आणि गोल कसले, तर सगळे गोलच्या तोंडाशी. लांबून मारलेला सुंदर फटका वगैरे काही नाही. तो तिथे जाऊन उभा राहतो, समोरचे दोन धिप्पाड पाठीत काठ्या घालतात, मानेवर कोपर, गोली ढकलतो, हा हलत नाही, आणि पक कुठूनतरी आपटून खाली पडला की ह्याची काठी तिथे हजर. कार्यालयात पंगत बसायच्या आधी खुर्चीला हात लावून उभे राहणारे काका असतात ना, तसा. तुम्ही कितीही लवकर जा, ते आधीच तिथे.

मॅकडेव्हिडचे शंभर असिस्ट झाले हे सगळ्या जगाला माहितीये, ग्रेट्झकी, लेम्यू आणि ऑर, एवढेच तिघे त्याच्या आधी, (आणि दोनच दिवसांनी टॅम्पाचा कुचेरोव्ह पाचवा). पण त्या शंभरातले किती त्या काकांच्या ताटात पडले ते मोजा.

---

जयू_मिसिसॉगा | २० एप्रिल, सकाळी ९:५५

राग नाही, जखम आहे. आमच्या टोरांटोकडून मॅथ्यूजने ६९ गोल घातलेत तरी आम्ही पहिल्या फेरीत बॉस्टनला बघून थरथरतोय. मी तर इथे ऑयलर्सच्या धाग्यावर निर्वासित म्हणूनच येते.

---

गोलीमास्तर | २० एप्रिल, दुपारी १:२०

परत मुद्द्यावर. मला सांगा, नॉब्लॉकने नवीन असं काय केलं?

---

बर्फाळ_बाबूराव | २० एप्रिल, दुपारी २:०५

मास्तर, सांगतो, आणि तुमचं निम्मं मान्य करून सांगतो. गोली सुधारला हे खरंच. पण ४६-१८-५, म्हणजे ६९ मॅचेसमध्ये ९७ पॉइंट. ह्याच गतीने ८२ खेळलो असतो तर ११५ झाले असते. सगळ्या लीगमध्ये पहिले आलेल्या रेंजर्सचे ११४ आहेत. नुसता गोली बरा झाला म्हणून एवढं होत नाही.

मला जे दिसलं ते असं. वूडक्रॉफ्टच्या काळात शेवटी शेवटी हरायला लागलो की ९७ आणि २९ नंबरवाले, मॅकडेव्हिड आणि ड्रायसाइटल, एकत्र, दोघांना बावीस-तेवीस मिनिटं पळवायचं, बाकीचे बेंचवर बसून बघतायत. सगळं घर एकाच कमावत्या माणसावर. नॉब्लॉकने तिसरी-चौथी लाइन (आळीपाळीने उतरणाऱ्या तुकड्या) वापरायला काढली. आणि हा माणूस ओरडत नाही. बेंचमागे असा उभा असतो जसा बँकेत टोकन घेऊन उभा आहे. ०-२ मागे असलो तरी तेच तोंड, ५-० पुढे तरी तेच. नोव्हेंबरमध्ये पोरांचे हात थरथरत होते हो, पक काठीवर थांबत नव्हता. त्यांना स्ट्रॅटेजी नको होती, कुणीतरी न घाबरलेला माणूस हवा होता.

कॉनर ब्राउनचं उदाहरण घ्या. दहा मॅचेस खेळला की बत्तीस लाख डॉलरचा बोनस असा करार, तो पैसा पुढच्या वर्षीच्या कॅपमधून (टीमच्या एकूण पगाराची मर्यादा) जाणार, आणि ह्याचा मार्चपर्यंत एक गोल नाही. पन्नासच्या वर मॅचेस! दुसऱ्या कुठल्याही कोचने प्रेस बॉक्समध्ये बसवून विसरला असता. ह्याने पेनल्टी किलला (आपला एक माणूस शिक्षेवर बाहेर असताना बचाव करायला) वापरला, खेळवत ठेवला. शेवटी मार्चमध्ये वॉशिंग्टनविरुद्ध त्याने घातला एकदाचा, तेव्हा मी ऑफिसच्या मित्राबरोबर रॉजर्स प्लेसमध्ये होतो, अगदी वर, जिथून खेळाडू मुंग्यांएवढे दिसतात. अख्खं स्टेडियम उभं. स्कोअरशी काही देणंघेणं नाही, मॅच तर आपण ७-२ ने मारली. माझ्या पुढच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ, जुनी केशरी टोपी, ग्रेट्झकीच्या काळापासूनचे असावेत, ते डोळे पुसत होते आणि शेजारणीला सांगत होते की ॲलर्जी आहे.

---

गोलीमास्तर | २० एप्रिल, दुपारी २:४०

ठीक आहे. निम्मं मान्य. उरलेलं निम्मं स्किनरने सोमवारी पहिल्या दहा मिनिटांत फडतूस गोल खाल्ला की बोलू. गावचाच पोरगा आहे, एडमंटनमध्ये जन्मलेला, म्हणून शिव्या घालताना पण जीव तुटतो.

---

वाशीचा_वाघ | २० एप्रिल, संध्या. ५:१५

किंग्जचं काय? ह्यांनी पण फेब्रुवारीत कोच काढला, टॉड मॅक्लेलन, जो आधी आपलाच होता. गोलीत कॅम टॅलबट, तोही आधी आपलाच, २०१६-१७ ला आपल्यासाठी ७३ मॅचेस उभा राहिलेला. म्हणजे घरातलीच भांडी वाजणार.

आणि तो त्यांचा १-३-१. @नवीन_पाहुणा, हे बघून ठेव, एक माणूस पुढे, तीन मधे आडवे भिंतीसारखे, एक मागे. तुम्ही पक घेऊन वेगात आलात की मधल्या तिघांत अडकलात. दादर स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी साडेसहाला समोरून येणाऱ्या गर्दीतून उलटं जायचा प्रयत्न केलायस कधी? तेच. मॅकडेव्हिड असला म्हणून काय झालं, पुलावर सगळे सारखे. बघायला इतकं कंटाळवाणं की मधे भांडी घासून होतात. उपाय एकच, पॉवर प्ले मिळवायचा, म्हणजे त्यांचा माणूस शिक्षेवर बाहेर आणि आपण एक जास्त. गेल्या वर्षी आपण ३२.४ टक्के पॉवर प्लेंवर गोल केले, लीगच्या इतिहासातला रेकॉर्ड. यंदा तेवढी धार नाही पण किंग्जना भीती तीच.

---

थंडोबा | २० एप्रिल, संध्या. ५:४०

कोरी पेरीला विसरू नका. जानेवारीत उचललाय. २०२०, २१, २२, तीन वर्षं, तीन वेगवेगळ्या टीम्स, तिन्ही वेळा फायनलला पोचला आणि तिन्ही वेळा हरला. माझा दादा म्हणतो शुभशकुन, फायनल नक्की. मी म्हणतो पुढचं पण बघ ना रे.

---

कॅनडाकाकू | २० एप्रिल, संध्या. ६:३०

शकुनाचं नका काढू. १९९० नंतर कप नाही आला ह्या गावात. आम्ही २००५ ला आलो, २००६ ला फायनलला सातव्या मॅचमध्ये कॅरोलायनाकडून हरलो, तेव्हा मुलगा कडेवर होता. आता तो युनिव्हर्सिटीत आहे आणि मला ऑफसाइड समजावतो.

बरं, बाबूराव, सोमवारी किती वाजता आहे? आणि त्या पंजाबी कॉमेंटरीवर लावू या का परत, मला इंग्रजीपेक्षा तीच आवडते, गोल झाला की भांगडा केल्यासारखं वाटतं. आपल्या मराठीत कोणी का करत नाही म्हणते मी.

---

बर्फाळ_बाबूराव | २० एप्रिल, संध्या. ७:००

रात्री ८ ला इथे. जयूकडे १०. भारतात मंगळवार सकाळी साडेसात, त्यात हनुमान जयंती, माझी आई ठाण्याला देवळातून येऊन प्रसाद ठेवेपर्यंत दुसरा पिरियड सुरू झालेला असेल. तिला नियम एकही माहीत नाही, "तो पळणारा जिंकला का" एवढंच विचारते. पळणारा म्हणजे मॅकडेव्हिड.

मराठी कॉमेंटरी गोलीमास्तरांनी करावी. एकटेच दोन्ही बाजूंनी भांडतील.

---

नवीन_पाहुणा_२४ | २० एप्रिल, रात्री ८:१५

सगळ्यांचे आभार, बरंच कळलं. सोमवारी एकत्र बघता का कुठे? माझ्याकडे अजून टीव्ही नाही, आणि जर्सी पण नाही, किंमत बघून दुकानातून तसाच बाहेर आलो.

---

कॅनडाकाकू | २० एप्रिल, रात्री ८:२५

आमच्याकडे ये. चैत्राचं हळदीकुंकू करायचं राहिलंय ते त्याच दिवशी उरकतेय, आंबेडाळ आणि पन्हं आहे, सात वाजेपर्यंत बायका जातील मग बेसमेंट तुमचा. जर्सी नको, केशरी टीशर्ट असला तरी चालेल. पत्ता व्यनि (खासगी निरोप) करते. लाल किंवा निळं काही घालून आलास तर बाहेर उभा करीन.

---

नवीन_पाहुणा_२४ | २० एप्रिल, रात्री ८:३१

केशरी झब्बा आहे, गणपतीतला. चालेल?

---

कॅनडाकाकू | २० एप्रिल, रात्री ८:३३

पळेल.